कान्हेरीला जायचंय, पण बघायचं काय?

या महिन्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकले. पाऊस उघडीप द्यायला लागला, दिवाळीची सुट्टी दिसायला लागली, की घरोघरी ‘एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ’ सुरू होतं. बहुतेक पत्रं तशाच घरांतली आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवत असे, राहते बोरिवलीत, आणि त्याच उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरावर मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना घेऊन जाणं हे माझं फार आवडीचं काम आहे. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय. पण तो प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही मुलांना कान्हेरीला नेलं. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९. दहा-बारा लेणी झाल्यावर दोघंही कंटाळली. ‘सगळ्या सारख्याच रिकाम्या खोल्या आहेत’ म्हणायला लागली, आणि मलाही मनातून तसंच वाटत होतं. यंदा सासूबाईही येणार म्हणताहेत. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात. पुन्हा जावं का? गेलो तर नेमकं काय दाखवावं?
— एक वाचक, डोंबिवली

जरूर जा, आणि सासूबाईंना नक्की न्या.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. ओळीने सगळी बघायची असं ठरवून गेलं की दहाव्या लेण्यापर्यंत पायही थकतात आणि नजरही. मुलं म्हणाली ते खोटं नाही. यातली बरीचशी लेणी म्हणजे भिक्षूंची राहायची घरं आहेत. पुढे ओसरी, आत एक खोली, झोपायला दगडी ओटा आणि शेजारी पाण्याचं टाकं. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे माणसं राहत होती, शिकत होती. कोरलेल्या मूर्ती मात्र निवडक ठिकाणीच आहेत. तेव्हा थोडं बघा, पण प्रत्येक ठिकाणी बसा.

सुरुवात ३ क्रमांकाच्या लेण्यापासून करा. हे मोठं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन. तिकीटघरापासून ते जवळ आहे, पायऱ्या फार नाहीत, सासूबाई हळूहळू चढतील. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, हे काम झालं. आत शिरायची घाई करू नका. अंगणातून ओसरीत आलात की दोन्ही टोकांना दोन उभे बुद्ध आहेत, सुमारे ७ मीटर उंच. ते चैत्यगृहानंतर तीनेकशे वर्षांनी कोरलेले आहेत. मुलाला त्यांच्या पायांशी उभं करा आणि वर बघायला सांगा. उंचीचा आकडा सांगून जे कळत नाही, ते त्याला तिथे मान मागे टाकल्यावर कळेल.

मग दाराच्या दोन्ही बाजूंना वळा. तिथे भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत. हे देव नाहीत. दान देणारी माणसं म्हणून ती ओळखली जातात, आणि माझ्या मते अख्ख्या कान्हेरीतलं सगळ्यात सुंदर काम हेच. बायकांच्या पायांतले जाड वाळे बघा, कानांतले भलेमोठे दागिने बघा, पुरुषांच्या डोक्यावरची पागोटी बघा. दगड काळाने झिजलाय, नाकडोळे पुसट झालेत, तरी उभं राहण्याची ढब तशीच आहे. एक पाय किंचित वाकवून, भार दुसऱ्या पायावर टाकून, हात मोकळा सोडून ही माणसं उभी आहेत. मुलीला तशीच उभी राहायला सांगा. तेरा वर्षांच्या मुली सुरुवातीला लाजतात. पण एकदा तशी उभी राहिली की कंबर कुठे वळते, खांदा कुठे उतरतो हे तिला स्वतःच्या अंगातून समजेल. शिल्प बघायला शिकवायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

हा पैसा कुणाचा होता, हेही मुलांना सांगा. कान्हेरीच्या दगडात कोरलेल्या लेखांमध्ये कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या दात्यांची नावं आहेत. व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्षुणी. तुम्ही डोंबिवलीहून येताना ज्या कल्याणच्या शेजारून येता, तिथल्याच माणसांनी इथे खोल्या खोदून दिल्या, पाण्याची टाकी करून दिली. मुलांच्या डोक्यात इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढंच असतं. कल्याणचा कुणी व्यापारी टाकं बांधून देतो, हा इतिहास त्यांना चटकन आपला वाटतो.

आत गेल्यावर खांब बघा. पुढच्या काही खांबांना खाली घट आहेत, वर शीर्षं आहेत, त्यावर हत्ती आणि स्वार. मागचे साधे अष्टकोनी. सगळं नक्षीकाम पूर्ण झालंच नाही. मुलांना विचारा, काम का थांबलं असेल? उत्तर बरोबर येण्याची गरज नाही. प्रश्न पडला की मुलगा पुढच्या लेण्यात स्वतःहून अर्धवट राहिलेलं काम शोधायला लागतो. १ क्रमांकाचं लेणं तर सगळंच अपुरं आहे. तिथे पोकळ करायच्या आधीचे मोठाले ओबडधोबड खांब तसेच उभे आहेत. डोंगर कसा पोखरत न्यायचे हे पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा तिथे जास्त समजतं.

एवढं झालं की सासूबाईंना तिथेच सावलीला बसवा आणि मुलांना घेऊन वरच्या अंगाला निघा. आता मूर्ती नकोत, पाणी शोधायचं. हे माझं फार आग्रहाचं सांगणं आहे. उघड्या कातळावर बोटभर ते हातभर रुंदीच्या पन्हाळी कोरलेल्या आहेत. नवव्या वर्षाचं पोर गुडघ्यावर बसून त्यात बोट घालतं आणि उताराने पुढे सरकत जातं. पन्हळ कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, आणि शेवटी कुठल्या लेण्याच्या टाक्यात उतरते, हे त्याला शोधू द्या. पावसाचं पाणी कातळावरून इकडेतिकडे वाहून जाऊ नये म्हणून अख्ख्या डोंगराला केलेली ही व्यवस्था आहे. प्रत्येक विहाराला, म्हणजे भिक्षूंच्या घराला, स्वतःचं टाकं. चार महिने पडणाऱ्या पावसावर वर्षभर इथे शेकडो माणसांनी राहायचं, तर हे करावंच लागलं. ऑक्टोबरात टाक्यांत पाणी असतं. त्यात दगड किंवा बाटल्या टाकू देऊ नका.

रान, पाणी आणि शिल्प ही कान्हेरीत वेगवेगळी बघायची ठिकाणं नाहीत, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आडरान होतं, पण सोपाऱ्याचं बंदर आणि कल्याणचा बाजार फार लांब नव्हता. पाऊस भरपूर होता, दगड खोदण्याजोगा होता, म्हणून लेणी इथे झाली. आणि हीच डोंगररांग आजही मुंबईला पाणी देते. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, दोन्ही या उद्यानाच्या हद्दीत. पाणलोट राखायचा म्हणून रान राखलं गेलं, आणि रान राहिलं म्हणून चितळ, सांबर, बिबटे राहिले. मुलांना हे भाषण म्हणून सांगू नका. पन्हळीतून बोट फिरवून झाल्यावर, वर डोंगरमाथ्यावरून झाडांचा तो हिरवा पसारा आणि त्यापलीकडे इमारती दिसतात, तिथे उभं राहून सांगा.

उतरताना ११ क्रमांकाचं लेणं बघा. लांबलचक दालन आणि मधोमध दोन बुटके दगडी बाक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. याला दरबार म्हणतात, पण राजाचा दरबार नव्हे. भिक्षू एकत्र बसायचे, शिकायचे, जेवायचे, ती ही जागा असावी. मुलांना पंगत लगेच कळते.

मुलगी दमली नसेल तर तिला ९० क्रमांकाच्या लेण्याकडे न्या. तिथे अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात धावून येणारा करुणेचा बोधिसत्त्व, मध्ये उभा आहे आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटी. प्रत्येक चौकटीत एक संकट. कुणावर हत्ती धावून येतोय, कुणावर सिंह, कुणाला साप, कुणाला चोर, कुणाचं जहाज बुडतंय. माणूस हात जोडतोय आणि तारणारा धावून येतोय. व्यापारी समुद्रावर आणि रानावनात कशाला भीत होते, त्याची ही यादीच दगडात कोरलेली आहे. ओळखता येतील तेवढी संकटं मुलीला स्वतः ओळखू द्या, तुम्ही आधी सांगू नका. याच लेण्यात भिंतीवर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं लिहून ठेवलीत. तोवर बौद्ध वस्ती ओसरत आली असेल, तरी लांबून माणसं बघायला येत होती.

सोयीचं एवढंच : सोमवारी उद्यान बंद असतं. बोरिवली पूर्वेला स्टेशनवरून फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फाटकापासून कान्हेरी सहाएक किलोमीटर आत, तिथवर उद्यानाची बस जाते. सासूबाई असताना चालत जाऊ नका. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि वर लेण्यांचं वेगळं. सकाळी फाटक उघडतानाच पोचा, कारण अकरानंतर कातळ तापतो आणि गर्दीही होते.

प्रश्न : माकडांचा त्रास फार आहे असं ऐकलं. डबा न्यावा की नाही?
— एक वाचक, विलेपार्ले

न्या, पण पाठीच्या बंद पिशवीत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकड तिच्यात खाणं आहे असंच धरून चालतं, आणि त्याचा दोष नाही, आपणच त्याला तसं शिकवलंय. पायऱ्यांच्या तोंडाशी आदिवासी बायका काकडी, पेरू घेऊन बसतात. चिरलेल्या काकडीला मीठ-तिखट लावून देतात. ती जरूर घ्या, त्यांच्या घरखर्चाला हातभार लागतो. पण तिथेच उभं राहून, त्यांच्याजवळच खा. त्यांच्या हातात काठी असते, माकडं त्यांना वचकून असतात. खात खात लेण्यांत फिरू नका. माकडाने काही हिसकावलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्या लेखी ते भांडणाचं निमंत्रण असतं. आणि कृपा करून एकही बिस्किट देऊ नका.

प्रश्न : मी मुलुंडला राहते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या दिसल्याचे व्हिडिओ येतात. अशात चार वर्षांच्या मुलीला घेऊन त्या जंगलात जाणं म्हणजे जिवाशी खेळ नाही का? घरचे नाही म्हणताहेत.
— एक वाचक, मुलुंड

ताई, तुमची भीती रास्त आहे आणि तिला हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण दिवसाढवळ्या, वर्दळीच्या रस्त्याने कान्हेरीला जाण्यात जिवाचा धोका नाही. बिबट्या वावरतो संध्याकाळ ते पहाट, आणि माणसांचा गलका असेल तिथून तो लांबच राहतो. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, आणि आसपासचं आरे, तुंगारेश्वर धरून बिबट्यांची संख्या पन्नासच्या घरात आहे. ते आहेत हे खरं, आणि ते तुम्हाला दिसणार नाहीत हेही जवळजवळ तितकंच खरं.

खरी काळजी घ्यायची ती तुमच्या सोसायटीच्या मागे. बिबट्या भिंतीवर येतो तो बहुधा कुत्र्यासाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. मागच्या गल्लीत उष्टं-खरकटं पडून राहत असेल तर ते आधी बंद करवून घ्या. अंधार असेल तिथे दिवे लावून घ्या. संध्याकाळनंतर लहान मुलं मागच्या बाजूला एकटी खेळायला नकोत. चुकून समोर दिसलाच, तर पळायचं नाही, खाली वाकायचं किंवा बसायचं नाही. मुलीला उचलून कडेवर घ्यायचं, मोठ्याने बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरायचं. त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. घेरून व्हिडिओ काढणारे असतात, त्यांना हटवायचं.

२००४ साली इथे हल्ले वाढले होते, ती आठवण मुलुंड-भांडुपकडच्या जुन्या लोकांच्या मनातून गेलेली नाही. जिवांचं नुकसान झालं, आणि ते दुःख मोठं होतं. त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते. अनोळखी मुलखात आणून टाकलेलं जनावर बिथरतं आणि संघर्ष वाढतो, असं अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. त्यानंतर धोरण बदललं, वनखातं, अभ्यासक आणि रहिवासी एकत्र बसायला लागले. पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला पूजतात. त्याच्या मुलखात राहतो, तर त्याचा मान राखायचा, अंधाराची वेळ त्याची, हे ते पिढ्यान् पिढ्या पाळत आले आहेत. घरच्यांना हे सगळं सांगा आणि मुलीला घेऊन सकाळी जा, दुपारी परत या. तिने बिबट्याबद्दल विचारलं तर घाबरवू नका. तो आता झोपला असेल, असं सांगा. ते खरंच असतं.

प्रश्न : माझं वय ७८. गिरगावात वाढलो. लहानपणी वडिलांचा हात धरून खरा काळा घोडा त्याच्या चौकात पाहिलाय. आता तिथे दुसराच घोडा आहे. नातवाला जुना दाखवायचा आहे. तो कुठे आहे? लांब चालणं जमत नाही.
— एक वाचक, ठाणे

आजोबा, तो राणीच्या बागेत आहे. भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, जवळच आहे. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.

तुम्ही पाहिलेला पुतळा ब्राँझचा, घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे जो सातवा एडवर्ड झाला त्याचा. त्याच्या १८७५च्या मुंबईभेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १८७९मध्ये बसवला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. १९६५मध्ये तो चौकातून काढून राणीच्या बागेत हलवला. चौकाला नाव मात्र घोड्याचंच राहिलं, राजपुत्राचं कुणी घेतलं नाही. २०१७मध्ये तिथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही. नातवाला दोन्ही दाखवा, एकाच दिवशी नको.

पण राणीच्या बागेत गेल्यावर त्याआधी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघा. आजूबाजूने मुलं पेंग्विन बघायला धावत असतात आणि हत्तीजवळ क्वचितच कुणी थांबतं, याचं मला फार वाईट वाटतं. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा किनाऱ्याजवळ तो उभा होता, म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८१४मध्ये त्याचं डोकं आणि मान ढासळली, मग सगळाच कोसळला. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेनच तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले, आणि १९१४मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. जवळ जा, अंगावरचे सांधे दिसतात. नातवाला ते सांधे शोधायला लावा, तोवर तुम्हाला बाकावर बसता येईल.

त्याच परिसरात ब्रिटिश काळातले आणखीही पुतळे आणून ठेवलेले आहेत. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबलने केलेला. १८९६मध्ये चाफेकर बंधूंनी ज्याला डांबर फासलं तो हाच. रस्त्यावर होते तेव्हा हे पुतळे हुकमाचे होते. आता झाडांखाली ते नुसते शिल्प म्हणून बघता येतात, कापडाची घडी कशी कोरलीय, घोड्याच्या मानेची शीर कशी उठलीय. मला ही जागा त्यांच्यासाठी योग्य वाटते. बाग १८६२ची आहे, झाडं जुनी आणि सावली दाट. गोरखचिंचेचा बुंधा नातवाला कवेत घेऊन बघायला सांगा.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानातली कारवी पुन्हा कधी फुलणार?
— एक वाचक, पुणे

२०३२मध्ये. २००८, २०१६, २०२४ असा आठ वर्षांचा तिचा फेरा आहे. फुलते, बी धरते आणि मरते, मग नवी रोपं पुन्हा सात वर्षं नुसती वाढतात. एखाद-दुसरं झुडूप मधल्या वर्षांतही फुलतं, पण डोंगर जांभळा होतो तो आठव्या वर्षीच. मधल्या काळात कारवीची झुडपं पाहून घ्या. याच काटक्यांच्या कुडाला शेणमातीने लिंपून पाड्यांवर भिंती करतात. आणि शिलोंढ्यासारख्या आतल्या वाटांवर स्वतःहून जाऊ नका. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि सोबत मिळते, तसंच जा.

प्रश्न : आम्ही बोरिवली पश्चिमेला राहतो. मुलाच्या शाळेत ‘आपल्या परिसरातील शिल्प’ असा प्रकल्प दिलाय. राष्ट्रीय उद्यान सगळेच करणार. जवळ दुसरं काही आहे का?
— एक वाचक, बोरिवली

तुमच्या घराजवळच एक्सरचे वीरगळ आहेत, आणि ते मुंबईतल्या फार मोलाच्या शिल्पांपैकी आहेत. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या सहा दगडांची नोंद आहे. मोठे दगड दहा फुटांच्या आसपास उंच. लढाईत पडलेल्या वीरांचे हे स्मारकदगड.

वीरगळ खालून वर वाचायचा, हे मुलाला आधी सांगा. अगदी खाली लढाई, त्याच्यावर पुढचा प्रसंग, मग वीर अप्सरांसोबत स्वर्गात, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, पण एक्सरच्या दगडांवर जहाजं आहेत. डोलकाठी उभारलेली, बाजूने वल्ह्यांची रांग निघालेली, आत शस्त्रं घेतलेली माणसं. समुद्रावरची लढाई दगडात दाखवलेली इतकी स्पष्ट कुठे बघायला मिळत नाही. बहुतेक अभ्यासक हिचा संबंध १२६५च्या सुमारास शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात झालेल्या युद्धाशी लावतात, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. म्हणजे उत्तर कोकणचं शिलाहारांचं राज्य ज्या लढाईत संपलं, तिचं चित्र तुमच्या मुलाच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गावातले लोक या दगडांना देव मानून पूजा करतात. शेंदूर-तेल लागलेलं असतं. त्याबद्दल तिथे उभं राहून नाक मुरडू नका. लोकांनी देव मानलं म्हणूनच इमारतींच्या गर्दीत हे दगड जागेवर राहिले. चप्पल बाजूला काढा, आधी विचारा, मग वह्या काढा. मुलाने एक चौकट निवडून तिच्यात किती माणसं, हातात काय, तोंडं कुठल्या दिशेला, एवढंच नीट टिपलं तरी त्याचा प्रकल्प वर्गात उठून दिसेल.

वेळ असेल तर जवळच मंडपेश्वर लेणी आहेत. सहाव्या शतकातलं शैव लेणं. आत नृत्य करणारा शिव आहे, आणि पोर्तुगीजांच्या काळात या लेण्याचं चर्च झालं होतं, तेव्हा भिंतीवर कोरलेला क्रूसही आहे. दोन्ही एका फेरीत बघता येतील.

प्रश्न : मी कला शाखेत शिकतो, वसईला राहतो. कान्हेरीत बसून रेखाटनं केली तर चालतात का? की फोटो काढून घरी करावीत?
— एक वाचक, वसई

तिथेच बसून करा. वही-पेन्सिलला कुणी अडवत नाही, फक्त येण्याजाण्याच्या वाटेत बसू नका. कागद दगडावर ठेवून घासून ठसा घेणं, उठाव दिसावा म्हणून दगडावर पाणी मारणं, खडूने कडा गिरवणं यांतलं काहीही करू नका.

फोटोत सपाट उजेड येतो आणि झिजलेला उठाव हरवतो. तिथे बसलात की उजेड सरकतो, दहा वाजता न दिसलेली रेघ अकराला दिसते. मोठ्या बुद्धापासून सुरुवात करू नका, सगळेच करतात आणि प्रमाणात अडकतात. चैत्यगृहातल्या एका खांबाचा तळचा घट घ्या. तो कसा फुगत जातो, पायऱ्यांवर कसा टेकतो, छिन्नीचे घाव कुठे उरलेत ते काढा. मग त्याच रांगेतला साधा अष्टकोनी खांब काढा. त्यानंतर दारापाशी या आणि जोडप्यांपैकी एकाच आकृतीचे फक्त पाय काढा, वाळ्यांसकट. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवारी सहलींची गर्दी असते.

रेखाटनं झाली की मासिकाच्या पत्त्यावर त्यांच्या प्रती पाठवा. मी बघून सविस्तर लिहीन.